कोअर तोच, कर्तव्य वेगळे: लॅपटॉप आणि सर्व्हर यांच्या प्रोसेसरमधील अंतर

ऑनलाइन बाजारात एक जाहिरात गेली काही वर्षे सातत्याने डोळ्यांपुढे येते. ‘सर्व्हरचा प्रोसेसर, १४ कोअर, २८ थ्रेड’ अशा ठळक अक्षरांखाली असेंबल केलेल्या संगणकाची किंमत दिलेली असते आणि ती नव्या, साध्या लॅपटॉपच्या किमतीहूनही कमी असते. मुलीला अभियांत्रिकीला प्रवेश मिळालेले पालक, गावच्या पतसंस्थेचे सचिव, व्हिडिओ संपादनाचा व्यवसाय नुकताच सुरू केलेला तरुण, कोणालाही मोह पडावा असाच हा हिशेब. महागड्या लॅपटॉपमध्ये आठ कोअर आणि येथे त्याच्या निम्म्याहून कमी पैशांत चौदा! शिवाय ‘सर्व्हर’ या शब्दाला बँकेचे, विमानतळाचे, सरकारी कचेरीचे वजन आहे.

याच्या नेमकी उलट गोष्टही सर्रास घडते. दहा-बारा जणांच्या कचेरीत सर्वांचे हिशेब, ग्राहकांच्या नोंदी आणि पावत्या एकाच लॅपटॉपवर ठेवलेल्या असतात. तो टेबलाच्या कोपऱ्यात रात्रंदिवस चालू असतो आणि ‘झाकण बंद करू नये’ अशी चिठ्ठी त्यावर चिकटवलेली असते. पहिल्या प्रकारात सर्व्हरकडून लॅपटॉपचे काम अपेक्षिले जाते, दुसऱ्यात लॅपटॉपकडून सर्व्हरचे. दोन्हींच्या मुळाशी समजूत एकच असते: प्रोसेसर ही एकाच फूटपट्टीने मोजता येणारी वस्तू आहे आणि ज्याचे आकडे मोठे तो सरस. ही समजूत कोठे फसते, हे पाहण्यासाठी दोन्ही प्रोसेसर शेजारी-शेजारी ठेवून पाहिले पाहिजेत.

एकाच घराण्यातील दोन चिप

तुलना न्याय्य व्हायची तर दोन्ही प्रोसेसर एकाच कंपनीचे आणि एकाच पिढीचे हवेत. एएमडी या अमेरिकी कंपनीचा ‘झेन ४’ हा कोअर त्यासाठी सोयीचा आहे. कोअर म्हणजे प्रोसेसरमधील प्रत्यक्ष गणित करणारा भाग. एका प्रोसेसरमध्ये असे अनेक कोअर असतात. कंपनीने हा कोअर नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘एपिक ९६५४’ या सर्व्हर प्रोसेसरमध्ये दिला आणि २०२३ मध्ये ‘रायझन ७ ७८४०यू’ या लॅपटॉप प्रोसेसरमध्येही दिला. सूचना वाचण्याची, बेरीज-गुणाकार करण्याची, पुढे कोणती माहिती लागेल याचा अंदाज बांधण्याची दोघांची रीत मूलतः एकच आहे. दोन सख्ख्या भावांपैकी एकाने गावात दुकान टाकावे आणि दुसऱ्याने गोदी सांभाळावी, तसा हा प्रकार.

रायझनमध्ये असे ८ कोअर आहेत, एपिकमध्ये ९६. प्रत्येक कोअर एका वेळी दोन कामांचे धागे हाताळू शकतो, त्यामुळे थ्रेडची संख्या अनुक्रमे १६ आणि १९२ होते. कोअरच्या अगदी निकट असलेल्या जलद साठ्याला कॅश म्हणतात. त्यातील तिसऱ्या पातळीचा सामाईक साठा रायझनमध्ये १६ मेगाबाइट, तर एपिकमध्ये ३८४ मेगाबाइट आहे. एपिकची सुरुवातीची जाहीर किंमत ११,८०५ डॉलर होती, म्हणजे तेव्हाच्या विनिमय दराने सुमारे साडेनऊ लाख रुपये, आणि तेही केवळ एका प्रोसेसरचे. येथपर्यंत सर्व आकडे सर्व्हरच्याच बाजूने झुकतात. मात्र वेगाकडे वळताच पारडे फिरते. लॅपटॉपच्या प्रोसेसरचा कमाल वेग ५.१ गिगाहर्ट्झ आहे आणि साडेनऊ लाखांच्या प्रोसेसरचा ३.७. मूळ वेग, म्हणजे सर्व कोअर कामात असतानाही जो राखण्याची अपेक्षा असते तो, अनुक्रमे ३.३ आणि २.४ गिगाहर्ट्झ.

महाग वस्तू हळू का? याचे उत्तर विजेत आहे. रायझनची नेमून दिलेली सर्वसाधारण वीजमर्यादा २८ वॅट आहे, एपिकची ३६० वॅट. ३६० हा आकडा अवाढव्य वाटतो. घरातील चार-पाच छताचे पंखे एकत्र चालवावेत एवढी वीज ती एक चिप घेते. पण एक साधा भागाकार करून पाहावा. २८ वॅट ८ कोअरमध्ये वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला साडेतीन वॅट येतात. ३६० वॅट ९६ कोअरमध्ये वाटले तर पावणेचार. म्हणजे एकेका कोअरच्या ताटात पडणारे अन्न जवळपास सारखेच आहे. (या आकड्यांत कोअरशिवाय चिपच्या इतर भागांची वीजही धरलेली आहे, हे मात्र ध्यानात ठेवावे.)

फरक पडतो तो वाटणीच्या पद्धतीत. लॅपटॉपवर बहुतेक वेळा एकच काम निकडीचे असते: वेबपान उघडायचे आहे, छायाचित्राचा आकार बदलायचा आहे, हिशेबाची फाइल सुरू करायची आहे. अशा वेळी बाकीचे सात कोअर जवळजवळ निद्रिस्त असतात आणि त्यांच्या वाट्याची वीज एकाच कोअरला दिली जाते. तो क्षणभर ५.१ गिगाहर्ट्झपर्यंत उसळी मारतो, काम संपवतो आणि पुन्हा शांत होतो. ही उसळी महागडी असते. वेग वाढवायचा तर चिपला द्यायचा विद्युतदाबही वाढवावा लागतो आणि विजेचा खप त्या दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. शेवटच्या एका गिगाहर्ट्झसाठी मोजावी लागणारी वीज पहिल्या एका गिगाहर्ट्झच्या कितीतरी पट असते. सर्व्हरमध्ये ९६ कोअर एकाच वेळी कामात असतील असे गृहीत धरलेले असते, म्हणून तेथे प्रत्येकाला कमी दाबावर, कमी वेगाने, पण काटकसरीने चालवले जाते. ज्या इमारतीत असे हजारो प्रोसेसर असतात, तेथे एका वॅटमध्ये किती काम झाले हाच खरा निकष असतो. वीज तर लागतेच, पण तिच्यापासून झालेली उष्णता बाहेर काढायलाही वीज लागते.

लॅपटॉपची दुसरी मर्यादा त्याच्या शरीराची आहे. बोटभर जाडीच्या खोक्यात एक-दोन छोटे पंखे आणि तांब्याच्या नळ्या, एवढेच उष्णता बाहेर टाकण्याचे साधन. मोठे काम सुरू होताच पहिली काही सेकंदे तो ठरलेल्या मर्यादेहून अधिक वीज घेतो. चिप तापू लागली की वेग हळूहळू खाली आणतो. चार तासांचा लग्नाचा व्हिडिओ निर्यात करायला लावला तर पहिल्या मिनिटाचा वेग आणि विसाव्या मिनिटाचा वेग यांत डोळ्यांना जाणवेल एवढा फरक पडतो. जाहिरातीतील ५.१ हा आकडा खोटा नसतो, पण तो क्षणांचा असतो. सर्व्हरचे आकडे तुलनेने नम्र दिसतात, कारण ते दिवसांचे आणि महिन्यांचे असतात.

पायलट आणि कदंब

गोव्याच्या रस्त्यांवर या फरकाचे उदाहरण रोज दिसते. एका माणसाला पणजीच्या बसस्थानकावरून अल्तिन्होवर तातडीने पोहोचायचे असेल, तर पिवळ्या मडगार्डचा मोटारसायकल पायलट सर्वांत जलद. कदंबची बस त्याच्या पुढे जाऊ शकणार नाही. मात्र सकाळी मडगावहून पणजीला कामावर येणाऱ्या पन्नास जणांना आणायचे असेल तर पन्नास फेऱ्या मारणारा पायलट काय कामाचा? बस हळू असली तरी पन्नासावा माणूसही पहिल्याबरोबरच पोहोचतो. लॅपटॉपचा प्रोसेसर पायलटच्या जातीचा आणि सर्व्हरचा बसच्या जातीचा, असे ढोबळमानाने म्हणता येते. उपमा पूर्ण लागू पडत नाही, कारण येथे बसच्या आत पायलटचेच ९६ भाऊबंद बसलेले आहेत. पण काय मोजायचे हे तिच्यावरून कळते. एक काम किती लवकर संपते हे एक माप आणि तासाभरात एकूण किती कामे संपतात हे दुसरे.

दुसऱ्या मापाचे उत्तम उदाहरण म्हणजे दहावी-बारावीच्या निकालाचा दिवस. हजारो विद्यार्थी आणि त्यांच्याहून अधीर पालक एकाच घटकेला संकेतस्थळ उघडतात. प्रत्येकाची मागणी छोटी असते: आसन क्रमांक द्या, गुण दाखवा. या मागण्यांचा एकमेकींशी संबंधही नसतो. समजा अशी एक मागणी पुरी करायला एका कोअरला सेकंदाचा शंभरावा भाग लागतो. मग एक कोअर सेकंदाला १०० जणांना निकाल दाखवील, ८ कोअर ८०० जणांना आणि ९६ कोअर ९,६०० जणांना. कमी वेगामुळे सर्व्हरचा आकडा थोडा खाली येईल, तरी लॅपटॉप त्याच्या जवळपासही पोहोचणार नाही. रांगेत शेवटी उभ्या असलेल्या विद्यार्थ्याला ३.७ आणि ५.१ गिगाहर्ट्झमधील फरकाशी कर्तव्य नसते. आपला क्रमांक कधी लागतो एवढेच त्याला हवे असते.

आता घरातल्या संगणकावरचे काम पाहावे. बहुतेक कामे अशी स्वच्छ वाटली जात नाहीत. काही भाग एकापाठोपाठ एकच करावे लागतात, कारण पुढच्या पायरीला मागच्या पायरीचे उत्तर लागते. संगणकशास्त्रज्ञ जीन ॲमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेला नियम याच अडचणीबद्दल आहे. समजा एखाद्या कामाचा फक्त एक दशांश भाग असा रांगेने करावा लागणारा आहे आणि उरलेले नऊ दशांश काम हवे तितक्या कोअरमध्ये वाटता येते. ८ कोअर लावले तर ते काम एका कोअरच्या तुलनेत सुमारे ४.७ पट लवकर होते. ९६ कोअर लावले तर? ९६ पट तर नाहीच, पण पन्नास पटही नाही, सुमारे ९.१ पट. कोअर बारा पट वाढवले आणि वेग दुपटीलाही पोहोचला नाही. अगणित कोअर लावले तरी तो दहा पटींच्या पुढे जाणार नाही, कारण तो हट्टी एक दशांश भाग तसाच उरतो. घरगुती वापरातील कितीतरी कामांत हा रांगेचा भाग एक दशांशाहून बराच मोठा असतो. त्यामुळे त्या कामांसाठी थोडे पण वेगवान कोअर असलेला प्रोसेसरच उजवा ठरतो.

रॅमची गोष्ट याहून मजेशीर आहे. प्रोसेसर कितीही चपळ असला तरी माहिती रॅममधून यावी लागते आणि ती आणणारे मार्ग मोजके असतात. रायझनला असे दोन मार्ग आहेत, एपिकला बारा. सेकंदाला किती माहिती येऊ शकते याचा हिशेब मांडला तर रायझनकडे सुमारे ९० गिगाबाइट आणि एपिककडे सुमारे ४६० गिगाबाइट, असे आकडे निघतात. एकूण पाहता सर्व्हर पाच पट पुढे. पण कोअरमागे पाहिले तर लॅपटॉपच्या प्रत्येक कोअरला सुमारे ११ गिगाबाइट मिळतात आणि सर्व्हरच्या कोअरला पाचही नाहीत. ही तूट काही अंशी भरून काढण्यासाठीच सर्व्हरमध्ये कोअरमागे दुप्पट कॅश दिलेली आहे, लॅपटॉपमधील २ मेगाबाइटच्या जागी ४. रॅमच्या एकूण साठ्यात मात्र तुलनाच होऊ शकत नाही. लॅपटॉपमध्ये सहसा १६ किंवा ३२ गिगाबाइट रॅम असते. एपिक प्रोसेसर एकट्याने ६ टेराबाइटपर्यंत रॅम सांभाळू शकतो. बाहेरील उपकरणे जोडण्याचे मार्ग लॅपटॉपमध्ये २० आणि सर्व्हरमध्ये १२८, तेही अधिक वेगवान पिढीचे. एका जलद डिस्कला असे चार मार्ग लागतात, म्हणजे कागदावर तरी ३२ डिस्क थेट प्रोसेसरला जोडता येतात. घरात इतक्या डिस्क जोडायच्या तरी कशाला?

उलटपक्षी लॅपटॉपच्या चिपमध्ये असे बरेच काही असते जे सर्व्हरकडे मुळीच नसते. रायझन ७ ७८४०यूमध्ये चित्रे रंगवणारा ग्राफिक्सचा विभाग त्याच चिपवर आहे, व्हिडिओ उलगडण्याचे स्वतंत्र यंत्र आहे, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या लहानसहान कामांसाठी वेगळा कोपराही आहे. एपिकमध्ये यातले काहीच नाही. साडेनऊ लाखांच्या त्या प्रोसेसरला पडद्यावर स्वतःहून एक ओळही उमटवता येत नाही. त्यासाठी मदरबोर्डवरची वेगळी छोटी चिप किंवा ग्राफिक्स कार्ड लागते. झोप ही लॅपटॉपची आणखी एक विद्या. दोन कळा दाबण्याच्या मधल्या वेळातही त्याचे कोअर डुलकी घेतात आणि कळ दाबताच जागे होतात. बॅटरी आठ-दहा तास पुरते ती या असंख्य सूक्ष्म डुलक्यांमुळे. सर्व्हरही विश्रांती घेऊ शकतो, पण जाग यायला विलंब झालेला त्याला परवडत नाही, म्हणून त्याची झोप सावध असते.

हरवलेला एक बिट

येथवर चर्चा वेगाची झाली. पतसंस्था, दवाखाना, शाळा, देवस्थानची कचेरी यांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा फरक वेगाचा नाहीच. तो आहे अचूकपणाचा, आणि जाहिरातींत तो क्वचितच दिसतो.

रॅममधील प्रत्येक माहिती शून्य आणि एक या अंकांत साठवलेली असते. एकेक अंक, म्हणजे बिट, अत्यल्प विद्युतभाराच्या रूपात असतो. अवकाशातून येणाऱ्या कणांमुळे, रॅमच्या चिपमधील बारीक दोषामुळे किंवा झिजेमुळे कधीतरी शून्याचा एक होतो अथवा एकाचा शून्य. संगणक बंद पडत नाही, पडद्यावर इशारा येत नाही. एक आकडा मुकाट्याने बदललेला असतो.

बेल्जियममध्ये १८ मे २००३ रोजी झालेल्या निवडणुकीत ब्रुसेल्सजवळील स्कारबेक येथे एका उमेदवाराच्या नावावर हिशेबात न बसणारी मते दिसली. मतदान संगणकावर झाले होते. पुन्हा मोजणी केली तेव्हा फरक निघाला तो नेमका ४,०९६ मतांचा. संगणकाच्या द्विमान पद्धतीत ही संख्या म्हणजे दोनचा बारावा घात, अर्थात तेरावा बिट. प्रणालीत चूक सापडली नाही; तेरावा बिट आपोआप पालटला असावा, असाच निष्कर्ष तज्ज्ञांनी काढला. गोव्यात विधानसभेचे ४० मतदारसंघ आहेत आणि एकेका मतदारसंघात सरासरी तीस हजारांच्या आसपास मतदार. तेथे ४,०९६ हा आकडा किती मोठा ठरतो हे येथील वाचकांना सांगायला नको. स्कारबेकची चूक लक्षात आली ती संख्या अशक्य दिसत होती म्हणून. ती शक्य वाटण्याजोगी असती तर?

हाच प्रकार एखाद्या ठेवीदाराच्या खात्यात झाला असे धरून चालू. शिल्लक ५,००० रुपये आहे आणि रॅममध्ये असताना त्या संख्येचा पंधरावा बिट पालटला. शिल्लक होते २१,३८४. ती संख्या डिस्कवर लिहिली गेली, त्या रात्रीच्या बॅकअपमध्येही गेली. आता चुकीची शिल्लक हीच अधिकृत शिल्लक झाली.

असे प्रसंग किती दुर्मीळ आहेत? गूगल कंपनी आणि टोरांटो विद्यापीठ यांच्या संशोधकांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास येथे उपयोगी आहे. कंपनीच्या सर्व्हरमधील रॅमच्या सुमारे आठ टक्के पट्ट्यांत वर्षभरात किमान एक तरी चूक नोंदली गेली होती आणि एकूण यंत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश यंत्रांना तिची झळ लागली होती. चुका काही पट्ट्यांतच वारंवार होत होत्या, म्हणजे प्रत्येक संगणक रोज चुकतो असा याचा अर्थ नाही. तरीही या चुका नोंदल्या तरी गेल्या, कारण त्या सर्व्हरमध्ये त्या पकडण्याची सोय होती. घरच्या लॅपटॉपमध्ये त्या झाल्या असत्या तर त्यांची नोंदही राहिली नसती.

या सोयीला ईसीसी म्हणतात. जुन्या काळी दुकानदार वहीच्या प्रत्येक पानाखाली बेरीज लिहीत आणि ती पुढच्या पानाशी ताडून पाहत; तसाच हा उपाय आहे. रॅममध्ये माहितीच्या ठरावीक बिटांबरोबर काही जादा बिट साठवले जातात. माहिती वाचताना गणित जुळते का ते प्रोसेसर पाहतो. एक बिट बदललेला असेल तर तो कोणता हे ओळखून जागच्या जागी दुरुस्त केला जातो. दोन बदललेले असतील तर दुरुस्ती होत नाही, पण चूक झाल्याचे कळते. सर्व्हरचे प्रोसेसर ही तपासणी करतात, बहुतेक लॅपटॉप करीत नाहीत. ‘डीडीआर५’ या नव्या रॅममध्ये ईसीसी अंगभूत असते, असे दुकानांत हल्ली सांगितले जाते. ते अर्धसत्य आहे. ती तपासणी रॅमच्या चिपच्या आतल्या आत होते; तेथून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर झालेली चूक तिला दिसत नाही आणि झालेल्या दुरुस्तीची बातमीही सहसा प्रोसेसरला मिळत नाही.

तेव्हा, सर्व्हर प्रोसेसरच्या किमतीतील मोठा हिस्सा या आणि अशाच शांतपणे चालणाऱ्या पहाऱ्याचा असतो. एखाद्या डिस्कचे किंवा रॅमच्या पट्टीचे लक्षण बिघडले की सूचना देणे, पडदा आणि कळफलक नसतानाही दुसऱ्या गावातून यंत्र बंद-चालू करता येणे, एका यंत्राचे अनेक आभासी संगणक करून त्यांना एकमेकांच्या माहितीपासून दूर ठेवणे, ही त्याची नित्याची कामे.

या दोन जातींमधील भिंत अलीकडे थोडी पातळ होत आहे, हेही नोंदवले पाहिजे. लॅपटॉपमध्ये वीज वाचवण्यासाठी आलेले छोटे कोअर आता सर्व्हरमध्ये शिरले आहेत. इंटेलने जून २०२४ मध्ये आणलेल्या ‘झिऑन ६’ मालिकेतील एका प्रकारात असे १४४ छोटे कोअर आहेत आणि त्यांची रचना कंपनीच्या ‘कोअर अल्ट्रा’ या लॅपटॉप प्रोसेसरमधील छोट्या कोअरशी सख्य सांगणारी आहे. एएमडीने उलट वाट धरली: दाटीने बसवता यावा म्हणून आखलेला ‘झेन ४सी’ हा कोअर आधी १२८ कोअरच्या सर्व्हर प्रोसेसरमध्ये आला आणि नंतर काही स्वस्त लॅपटॉपमध्ये. कोअरची देवाणघेवाण वाढली. पहारा मात्र सर्व्हरकडेच राहिला.

चौदा कोअरचा मोह

आता त्या जाहिरातीकडे वळू. अशा संगणकांत बहुधा इंटेलच्या ‘झिऑन ई५’ मालिकेतील प्रोसेसर असतो. उदाहरणार्थ ‘झिऑन ई५-२६८० व्ही४’: १४ कोअर, २८ थ्रेड, मूळ वेग २.४ आणि कमाल ३.३ गिगाहर्ट्झ, वीजमर्यादा १२० वॅट. प्रोसेसर अस्सल असतो, फसवणूक नसते. फक्त तो २०१६ सालचा असतो. मोठ्या कंपन्या दर काही वर्षांनी सर्व्हर बदलतात आणि काढून टाकलेले प्रोसेसर घाऊक भावाने बाजारात येतात. ते बहुधा अल्पपरिचित बनावटीच्या नव्या मदरबोर्डवर बसवून विकले जातात.

त्याचा एकेक कोअर आजच्या मध्यम लॅपटॉपच्या कोअरपेक्षा निम्म्या वेगाचा असतो, क्वचित त्याहूनही कमी. म्हणजे वेबपाने, हिशेबाचे सॉफ्टवेअर, शासकीय अर्ज भरणे यांत तो मागे पडणार. ग्राफिक्स त्यात नाही, तेव्हा कार्डाचा खर्च वेगळा. ‘विंडोज ११’साठी मायक्रोसॉफ्टने मान्य केलेल्या प्रोसेसरच्या यादीत ही पिढी नाही आणि ‘विंडोज १०’चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विजेचा हिशेब तर कोणालाही करता येईल. असा संगणक ग्राफिक्स कार्डासह काही विशेष न करताही १०० वॅट घेत असेल असे धरले आणि तो अहोरात्र चालू ठेवला, तर महिन्याला ७२ युनिट आणि वर्षाला ८७६ युनिट होतात. १० वॅट घेणाऱ्या लॅपटॉपचे वर्षाचे ८८ सुद्धा होत नाहीत. खरेदीत वाचलेले पैसे वीजबिलातून हळूहळू परत जातात.

तरीही हा व्यवहार सर्वांसाठीच वाईट असतो असे नाही. लिनक्स, नेटवर्किंग किंवा आभासी संगणकांची मांडणी शिकणाऱ्या विद्यार्थ्याला स्वस्तात भरपूर कोअर आणि भरपूर रॅम मिळते, तेथे तो प्रयोगशाळेसारखा उपयोगी पडतो. ज्याला तो केवळ ‘जोरदार संगणक’ म्हणून हवा आहे, त्याची निराशा होईल. सर्व्हरचे संपूर्ण खोकेच विकत घेण्याचा विचार असेल तर आणखी एक गोष्ट: कपाटात आडव्या बसणाऱ्या चपट्या सर्व्हरचे पंखे कानठळ्या बसवतात आणि ते थंड, कोरड्या खोलीसाठी बनवलेले असतात. किनारपट्टीवरील दमट, खाऱ्या हवेतल्या माजघरासाठी नव्हे.

आणि कोपऱ्यात अहोरात्र चालणारा तो लॅपटॉप? त्याच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे. पावसाळ्यात वीज गेली तरी तो बंद पडत नाही. यूपीएस त्याच्या पोटातच असतो. पण सतत चार्जरला लावलेली, सतत तापणारी बॅटरी लवकर म्हातारी होते, कधीकधी फुगते. त्याचे पंखे रोज आठ तासांच्या वापराच्या हिशेबाने बसवलेले असतात. रॅमची तपासणी नसते आणि डिस्क बहुधा एकच असते, तेव्हा ती गेली की सारेच गेले. एका माणसाचे काम त्यावर उत्तम होते. दहा जणांच्या नोंदी त्यावर ठेवणे म्हणजे पायलटला रोज पन्नास जणांचे कंत्राट देणे.

अशा लहान कचेरीला ९६ कोअरची गरज नसते. तिच्यासाठी मधली पायरी उपलब्ध आहे. इंटेलच्या ‘झिऑन ई-२४००’ मालिकेत जास्तीत जास्त आठ कोअर असतात, घरगुती संगणकाच्या प्रोसेसरशी त्यांचे जवळचे नाते असते, वेगही तसाच चांगला असतो. शिवाय ईसीसी असते. एएमडीची ‘एपिक ४००४’ मालिका त्याच जातीची. टेबलाखाली मावणारे, फार आवाज न करणारे उभे सर्व्हर या प्रोसेसरवर मिळतात. त्यांत दोन डिस्कवर एकच माहिती ठेवण्याची सोय करून घेता येते आणि बाहेर एक यूपीएस लागतो.

मात्र प्रोसेसर ईसीसी जाणतो म्हणून यंत्रात ईसीसी रॅम असेलच असे नाही. स्वस्त पडावे म्हणून साधी रॅम घातलेली असू शकते. काही सर्व्हरना लागणारी ‘रजिस्टर्ड’ रॅम तर साध्या मदरबोर्डवर चालतही नाही, त्यामुळे दरपत्रकात रॅमचा पूर्ण प्रकार लिहून मागावा. यंत्र हाती आल्यावर रॅमची पट्टी डोळ्यांनीही तपासता येते. ‘डीडीआर४’च्या साध्या पट्टीच्या एका बाजूला बहुधा आठ सारख्या काळ्या चिप दिसतात. ईसीसी असेल तर नऊ. ती नववी चिप माहिती साठवत नाही. बाकीच्या आठ जणींवर नजर ठेवण्यासाठी ती असते.